रविवारचा आकडा

नऊ दिवस मी एक बटण बंद करायचं विसरलो. तसं माणूस याहून मोठ्या गोष्टी विसरतो. आमच्या शाळेतले गणिताचे सर एकदा स्वतःच्या मुलीला वर्गात विसरून घरी गेले होते. पण माझं बटण नोंदी ठेवण्याचं होतं, आणि आमचं अख्खं दुकान चालत होतं ते नोंदी न ठेवण्यावर.

दुकान म्हणजे टायरवाल्याच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. जिन्यात रबराचा वास, वर तीन टेबलं, एक पाण्याचा माठ आणि एक पंखा, जो एकाच टेबलाला वारा द्यायचा. कोणी इंटरनेटवर काय वाचतं, काय शोधतं, ते कोणाला कळू नये, अशी सोय आम्ही करत होतो. एखादी बाई मारकुट्या नवऱ्यापासून सुटका शोधत असते, कोणी आपल्या आजाराचं नाव शोधत असतं, कोणाला नुसतंच वाटतं की माझं मी वाचीन, तुम्हाला काय करायचंय. अशी माणसं आमच्या साखळीतून जायची.

ही साखळी बाईंनी बांधली होती. बाई म्हणजे आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या, वय पंचावन्न, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी उमेदीची चौदा वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात काढली होती, कानाला यंत्र लावून, या भोकातली दोरी त्या भोकात खुपसत. एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा त्या कॉम्प्युटरच्या क्लासला पोरांच्या रांगेत जाऊन बसल्या. मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला सगळं एका दमात समजावलं होतं.

"एक्स्चेंजातल्या बाईला दोन्ही टोकं माहीत असतात. कोण बोलतंय आणि कोणाशी बोलतंय. सगळा घोळ तिथे आहे. बाई कितीही देवमाणूस असू दे, तिला कान असतात. म्हणून मी अशी सोय केली की कुठल्याच एका बाईला दोन्ही टोकं माहीत नसावीत."

त्यासाठी तीन मशिनं होती. बाईंनी त्यांना नावं दिली होती उंबरा, माजघर आणि परस. आपलं मागणं तीन बंद पाकिटांत जातं, एकात एक. बाहेरच्या पाकिटाची किल्ली उंबऱ्याकडे. त्याला कोण आलं ते दिसतं, पण आत दुसरं कुलूप. मधली किल्ली माजघराकडे. त्याला ना येणारा दिसतो ना जायचं ठिकाण, घरातल्या जुन्या जावयासारखं नुसतं इकडचं घ्यायचं आणि तिकडे द्यायचं. शेवटची किल्ली परसाकडे. त्याला कुठे जायचं ते कळतं, पण कोण पाठवतंय ते नाही. पाकिटं सगळी एका मापाची, लहान असलं तर आत रद्दी भरायची. वर माजघरात ती दोन-तीन सेकंद अडवून मागेपुढे करायची, म्हणजे बाहेर टपलेल्याला क्रमावरूनही ओळखता येऊ नये. दर सोमवारी तिन्ही मशिनं पुसून कोरी करायची. याला आम्ही आंघोळ म्हणायचो.

माणसांचाही नियम तसाच. उंबऱ्याची किल्ली एकाकडे, परसाची दुसऱ्याकडे, माजघराची बाईंकडे. उंबऱ्यावरच्या पोऱ्याला सगळे उंबरेकर म्हणायचे, मला परसकर. माझं खरं आडनाव पगाराच्या दिवशीच निघायचं. उंबरेकर आणि मी वेगळ्या खोल्यांत बसायचो आणि कामाबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही असा दंडक होता. जेवताना आम्ही फक्त टायरवाल्याची निंदा करायचो.

तर उंबरेकराचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. जाताना त्याने त्याची किल्ली एका चिठ्ठीवर लिहून माझ्या खिशात कोंबली.

"बाईंना सांगू नकोस. पंधरा दिवसांत आलोच. काही अडलं तर असू दे."

अडलं. साखळी मंद झाली. कुठे अडकतंय ते बघायला मी उंबऱ्यावर नोंदी सुरू केल्या, परसावरही केल्या. दोष दुपारपर्यंत सापडला. त्या आनंदात मी खाली जाऊन दोन चहा प्यालो आणि बटणं तशीच राहिली. मधल्या सोमवारी या दोन मशिनांना आंघोळही मी एकट्यानेच घातली आणि अंगचोरपणा करून वरवर घातली. दोन्ही टोकं, नऊ दिवस, सेकंदासकट. बाईंनी आयुष्यभर जी होऊ दिली नाही, ती एक्स्चेंजातली बाई मी होऊन बसलो होतो.

मी नोंदी लगेच का पुसल्या नाहीत, ते सांगायचं तर बाईंच्या मुलाबद्दल सांगायला हवं.

मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा नवरा गेला. मेला नाही, गेला. बाईंनी पुढे त्याचं नाव काढलं नाही. मुलगा एकोणीसचा झाला आणि एक दिवस बाईंनी त्याचा कॉम्प्युटर उघडला. "कानाची सवय, हाताला लागली," एवढंच त्या म्हणायच्या. चार महिने तो रोज बापाला शोधत होता. जुन्या याद्या, कारखान्यांची नावं, बापाच्या गावच्या शाळेची पानं. बाईंनी सगळं वाचलं, कॉम्प्युटर मिटला आणि जेवायला वाढलं. वाढता वाढता विचारलं, "सापडला का तुझा बाप?"

मुलाने हातातला घास ताटात ठेवला. आठ दिवस तो घरात होता, पण बोलला नाही. नवव्या दिवशी नव्हता. याला आता सात वर्षं झाली होती. साखळीचा पहिला आराखडा बाईंनी त्याच वर्षी, त्याच्या उरलेल्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर काढला होता.

त्याच्यासाठी त्यांनी एक पान ठेवलं होतं. नाव नाही, फोटो नाही, वर फक्त 'घरची खबर'. त्याच्या एका मित्राच्या हाती त्यांनी पानाचा पत्ता पाठवला होता. तो पोचला की नाही ते देव जाणे, कारण मित्रही पुढे कुठेतरी गेला. पान फक्त साखळीतूनच उघडायचं. मुलाला वाटू नये की आई दाराआड उभी आहे, म्हणून येणारा कोण ते बाईंनी स्वतःलाच कळू दिलं नव्हतं. वार नाही, वेळ नाही. फक्त आठवड्यात पान किती वेळा उघडलं तो आकडा रविवारी खाली उमटायचा. पानावर बाई रोज एक ओळ लिहायच्या. 'नळाचा वायसर बदलला, आता ठिबकत नाही.' 'तुझ्या खोलीची खिडकी आता नीट लागते.' 'समोरच्यांनी कुत्रा आणलाय, भुंकत नाही, नुसता खोकतो.'

साडेपाच वर्षं दर रविवारी शून्य उमटलं. मग दीड वर्षापूर्वी एक आला, आणि पुढे दर रविवारी एक. हे बाईंनी मला एका दुपारी, माठात पाणी ओतता ओतता सांगितलं होतं. "येतो तो," म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा. बघून जातो."

आता सांगा, नऊ दिवसांच्या नोंदी हातात आल्यावर माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? मला वाटलं, नुसतं गाव बघू. बाईंना सांगायचं नाही, पण कधी वेळ आलीच तर आपल्याला माहीत असावं. चोराला चोरी करताना असेच उदात्त विचार सुचतात.

परसाच्या नोंदीत ते पान दोनदा उघडलेलं होतं. मंगळवारी सव्वा अकरा, पुढच्या मंगळवारी सव्वा अकरा. उंबऱ्याच्या नोंदीत त्याच मिनिटाला, तीन सेकंद आधी, दोन्ही वेळा एकच पत्ता आत शिरला होता. तो पत्ता मला पाठ होता. तो आमच्याच ऑफिसचा होता. माझ्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्याचा.

मी नोकरीला लागलो दीड वर्षापूर्वी. पहिल्या आठवड्यात हुशारी दाखवायला मी एक चाचणी लिहिली होती. सोमवारच्या आंघोळीनंतर साखळी नीट जोडली गेली का ते मंगळवारी सव्वा अकराला आपोआप तपासायचं. त्यासाठी असं पान हवं होतं जे साखळीशिवाय उघडूच शकत नाही. परसावर अशा पानांची यादी होती, तीत एक सापडलं. हलकं, कधी बंद न पडणारं. कोणाचं ते मी विचारलं नाही, कारण आमच्याकडे कोणी कोणाचं विचारत नाही, आणि पुढे ती चाचणी विसरूनही गेलो. बाईंनी साखळीत सगळ्या शंका घेऊन ठेवल्या होत्या, फक्त मी घरात शिरेन ही घेतली नव्हती.

दीड वर्ष दर आठवड्याला घरची खबर वाचून जाणारा मुलगा माझ्या टेबलाखाली होता आणि मी त्याच्यावर पाय ठेवून बसत होतो.

दुपारी मी बाईंकडे गेलो. नोंदींचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं. सापडलेलं सांगितलं नाही. बाईंनी चष्मा काढला, काडीचा दोरा घट्ट केला, परत घातला.

"दोन्ही टोकं?"

"हो."

"नऊ दिवस?"

"हो, बाई."

"शाबास. तुझ्या शाळेत सगळेच असे होते की तू एकटाच?"

"सर मुलीला विसरले ते मी सांगितलंय तुम्हाला."

त्या हसल्या नाहीत. टेबलावर बोटाने एक रेघ ओढत राहिल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "त्यात त्याचं गाव असेल. नाही का रे?"

"असतं," मी म्हणालो. "साधारण गाव कळतं."

"तू बघितलंस?"

"नाही."

बाई उठल्या आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसल्या, शिक्षा झालेल्या पोरीसारख्या. दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.

"पूस," म्हणाल्या. "मी बघत नाही. पण मोठ्याने सांग पुसताना. उंबरा, मग परस."

"बाई, एकदा विचार..."

"सात वर्षं विचारच केला. मागच्या वेळी बघितलं त्याची किंमत मला माहीत आहे. पूस, मेल्या, माझे हात सुटायच्या आत."

मी पुसलं. "उंबरा झाला," म्हणालो. "परस झालं." बाईंच्या पाठीकडून एक आवाज आला, खोकल्यासारखा. त्यांनी मुलाचा पत्ता पुसायला लावला होता, आणि त्या नोंदींत मुलगा नव्हताच. तेव्हा हे सांगणं म्हणजे पडलेल्या माणसाच्या अंगावर भिंत ढकलणं झालं असतं. नंतर सांगू, असं मी ठरवलं. नंतर हा शब्द कोणी काढला त्याला शोधून काढायला हवं.

एक गोष्ट मात्र मी प्रामाणिकपणे केली आणि तीही अंगाशी आली. चाचणीतून मी ते पान काढून टाकलं. खोटा मुलगा तरी थांबवावा म्हटलं. त्या रविवारी शून्य उमटलं.

सोमवारी बाई आल्या त्या डोळे सुजवून. मशिनांना आंघोळ घालताना माजघराची किल्ली दोनदा चुकल्या. या बाई, ज्यांना दोनशे टेलिफोन नंबर अजून पाठ होते.

"आजारी असेल का रे तो?"

"कामात असेल, बाई."

"दीड वर्षात एक आठवडा चुकला नाही."

आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तर भलतंच बाहेर आलं. "बाई, तो येईलच असं धरून चालू नका. ते पान कोणीही उघडत असेल."

"कोणीही?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांच्या पोराला वेडंवाकडं बोललो होतो. "समोरचा कुत्रा खोकतो हे वाचायला कोण येतंय कडमडायला? या आठवड्यात येईल तो. लाव पैज. आला तर चहा तू पाजायचास. खालचा नाही, कोपऱ्यावरचा, आलं घातलेला."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला तर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी मी पान परत यादीत टाकलं. रविवारी एक उमटलं. पैज मी माझ्याच हाताने हरलो. त्या दिवसापासून ती चाचणी राहिली नाही. दर मंगळवारी मी बाईंच्या दारात दुधासारखा एक आकडा ठेवून येत होतो, निव्वळ पाण्याचा रतीब.

"चहा राहिला, परसकर," बाई सोमवारी म्हणाल्या. त्यांचा चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

"देतो ना, बाई. पळून जातोय का?"

दिला नाही. त्या पैजेचा चहा पाजायचा म्हणजे मुलगा आला होता असं मान्य करायचं. खोटं बोलणं मला जमत होतं, त्यावर आलं घालून पिणं जमलं नसतं.

तोवर उंबरेकर टाके काढून परत आला होता. हसलं की दुखतं म्हणून आम्ही त्याला मुद्दाम हसवायचो. अशाच एका सोमवारी बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"काल दोन उमटले," म्हणाल्या. "आता दोनदा वाचतो."

मी माझ्या टेबलाखाली बघितलं. चाचणीची नोंद काढली. मंगळवार, सव्वा अकरा, एकदा. एकदाच.

दुसरा कोण?

साखळी चोख होती. या वेळी उंबऱ्याची किल्ली उंबरेकराकडे होती आणि आंघोळ व्यवस्थित झाली होती. कळायला काही मार्ग नव्हता आणि नसावा अशीच ती बांधलेली होती. पण ते पान वाचायला बाहेरून कोणी तरी आलं होतं. सात वर्षांत पहिल्यांदा, खरं.

पुढच्या रविवारी परत दोन. त्याच्या पुढच्याही.

"बाई, तुम्ही त्याला काही लिहीत का नाही?" मी विचारलं. "म्हणजे वायसर सोडून."

त्यांनी कळफलक उचलला. खाली एक चौकोनी कागद होता, घड्या झिजलेला. त्यावर लिहिलं होतं, 'त्या दिवशी तुझं वाचायला नको होतं, आणि वाचून तसं बोलायला तर नकोच होतं. चुकले.'

"हे तयार आहे केव्हाचं."

"मग टाका ना. आजच टाका."

"तुला कसली घाई रे? मांजर पहिल्यांदा दारात येतं तेव्हा त्याच्याकडे बघायचंसुद्धा नसतं. बघितलं की पळतं. दीड वर्ष तो नेमाने येतोय, आता तर दोनदा येतोय. रुळू दे. एकदम हाक मारली आणि बुजला तर मी काय करू? नेमाने येतं माणूस म्हटल्यावर माफी उद्याही मागता येते."

"आणि उद्या नाही आला तर?"

"येईल. तूच बघ."

मला ओरडून सांगायचं होतं की, बाई, नेमाने येतं ते माणूस नाही, तो डबा आहे. माणूस आत्ता आलंय, तीन आठवडे झाले, बुजरं, दारातच उभं आहे, आणि तुम्ही त्याला समोरच्या कुत्र्याचा खोकला सांगताय. पण एक सांगायचं तर दुसरं सांगावं लागणार होतं. मुलगा आला हे कळायला आधी तो दीड वर्ष आला नव्हता हे कळायला हवं होतं, आणि ज्या नोंदींसाठी त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या त्यांत काय होतं तेही.

चौथ्या सोमवारी, परत दोन उमटल्यावर, मी त्यांना कोपऱ्यावर घेऊन गेलो. ठरवूनच. आधी सांगायचं, मग चहा, साधा चहा, पैजेचा नव्हे. बाकावर बसलो. बाई खुशीत होत्या. चहावाल्याला म्हणाल्या, "आलं ठेचून घाल, नुसतं दाखवू नकोस. आज हा पाजतोय. माझा मुलगा आला म्हणून पैज हरलाय."

चहावाला म्हणाला, "आला का मुलगा? बरं झालं, मावशी."

"तसा आला नाही अजून," बाई म्हणाल्या. "पण येतो."

मी सांगायचं सोडून खिसा चाचपला, पाकीट वर राहिलं म्हणालो. ते मागच्या खिशात होतं. बाईंनीच दोघांचे पैसे दिले. "हा धरायचा नाही हां," म्हणाल्या. "तुझा चहा बाकीच आहे."

त्या रविवारी एक उमटला.

"परत एकदाच," बाई म्हणाल्या. "कामात असेल. नाही का?"

"असेल, बाई."

पण त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कळफलक उचलला, कागद काढला आणि त्यातलं वाक्य जसंच्या तसं पानावर टाकलं. टाकताना ओठ हलत होते.

मंगळवारी मी टेबलाखाली वाकून बसलो होतो. सव्वा अकराला चाचणी चालली. ती अक्षरं वाचत नाही. पान उघडलं की एक शब्द लिहिते आणि झोपते. त्या मंगळवारीही तिने नेहमीसारखंच लिहिलं, 'ठीक'.

रविवारी एक उमटला.

"वाचलं असेल त्याने," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"काय म्हणाला असेल?"

मी पडद्याकडे बघत राहिलो. "ठीक म्हणाला असेल," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली, बराच वेळ, हळूहळू. ते वाक्य अजून पानावर आहे. खाली वायसर, खिडकी, कुत्रा पुन्हा सुरू झालंय. कुत्रा आता बरा आहे. आकडा दर रविवारी एकच येतो, पुढे कधी दोन झाला नाही, आणि मंगळवारी मी रजा घेत नाही, तापातसुद्धा नाही.

परवा जिना उतरताना बाईंनी मागून हाक मारली. "परसकर, चहा विसरलास का रे?"

"लक्षात आहे, बाई."

"मी मेल्यावर पाजणार आहेस?"

"देतो ना," मी म्हणालो, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत खाली उतरलो.